दोन बूट आणि मधली पट्टी

मी, बुटांचा कारागीर, वय बहात्तर, हे मृत्युपत्र माझ्या दुकानात बसून, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहूनही दिले आहे. मन मात्र ठिकाणावर नाही. हा चौथा मसुदा. आधीच्या तिन्ही वेळी चौथ्या कलमापाशी आलो की मी उठून दुकान झाडू लागलो.

१. दुकान, वरची खोली आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या एका मुलीला. जिन्याची तिसरी पायरी हलते. तिने आधी सुतार बोलवावा, मग वर जावे.

२. लाकडी साचे, आऱ्या आणि शिलाईचे यंत्र वाकड्या पायांच्या मुलांच्या दवाखान्याला. सर्वांत लहान साचा माझ्या अंगठ्याहून जरासाच मोठा आहे, तो हरवू नये.

३. थोरल्या बहिणीला काही नाही. "पोरीला बेडी घातलीस रे," असे ती चारचौघांत म्हणाली होती. तो राग मी पस्तीस वर्षे जपला, कारण दोष तिच्यावर ढकलणे सोयीचे होते. जाऊ दे. तिला माझी आरामखुर्ची द्यावी.

४. हे कलम मुलीसाठी. बाळा, तू जन्मलीस तेव्हा तुझे दोन्ही पाय आत वळलेले होते. डॉक्टर म्हणाले, "जगभरात दरवर्षी लाखो मुलं काही ना काही दोष घेऊन जन्मतात. कितीतरी महिनाभरही जगत नाहीत. हिचा दोष बरा होणारा आहे, नशीब समजा." प्लास्टरने पाय सरळ आले. मग दोन बूट आणि त्यांना जोडणारी पट्टी, चार वर्षांची होईपर्यंत रोज झोपताना. ते बूट मीच शिवले. अडीच वर्षांची असताना तू रडलीस, आत्याचा 'बेडी' शब्द माझ्या कानात होताच, आणि मी पट्टी काढली. जन्म बुटांत गेला, मला पायातले कळत नाही का, असा माझा तोरा. तुझी आई भांडली, तर मी पट्टी माळ्यावर टाकली. वर्षभरात उजवा पाय पुन्हा आत वळला. डॉक्टरांनी विचारले तेव्हा मी तुझ्या आईकडे बोट दाखवून म्हणालो, "हिच्याकडून राहून जातं."

घरी आल्यावर तुझी आईच मला म्हणाली, "तिला जन्मभर बूट तुमच्याकडूनच करून घ्यायचेत. तुमच्यावर राग धरून कसं चालेल तिचं? माझ्यावर धरू दे."

तू धरलास. तिच्या शेवटच्या आजारपणात तू दारातूनच परत गेलीस. मी तिथेच उभा होतो, आणि तोंड उघडले नाही. पट्टी मी काढली होती. आईने नाही.

५. वकील म्हणतात, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचायचे असते. तेवढा धीर मला नाही. मुलगी आज चार वाजता बुटाची टाच बदलायला येणार आहे. चौथे कलम तिला वाचून दाखवीन, मगच सही करीन.

साडेचार. वाचून दाखवले. माळ्यावरून काढून ठेवलेली पट्टी तिने उचलली, अर्धवट ठोकलेला बूट माझ्या हातातून घेऊन पायात घातला आणि निघाली. "थांब, खिळा टोचेल," एवढेच मला म्हणता आले.

सही: बुटांचा कारागीर
साक्षीदार: १. शेजारचा शिंपी २. दवाखान्यातल्या नर्सबाई
ठिकाण: दुकानातच, दार उघडे ठेवून
दिनांक: ९ मार्च २०२६, सोमवार