साडेतीन किलोची वाट

मोशी
९ नोव्हेंबर २०२४

ती. कुसुमआत्यास,
तनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोन फक्त घाईच्या कामाला, बाकी सगळं डाव्या हातानं कागदावर, हा तुझा नियम मी अजून पाळते आहे. नाहीतर ही बातमी रविवारीच तुला कळली असती.

रविवारी गणराजच्या मित्राच्या वास्तुशांतीला ताथवड्याला गेलो होतो. तिथल्या लिफ्टमध्ये एक बाई शिरली. दोन महिन्यांचं बाळ तिनं छातीशी एका रुंद कापडात बांधलं होतं. खांद्याजवळ कापडाला दोन कड्या, त्यांतून ते घट्ट ओढून घेतलेलं. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात फोन, आणि बाळ गाढ झोपलेलं. मला चौथ्या मजल्यावर उतरायचं होतं, मी तिच्यासोबत नवव्यापर्यंत गेले. त्या कापडाला बेबी स्लिंग म्हणतात. तिनं लिफ्टच्या दारात उभं राहून कड्या कशा सोडायच्या ते दाखवलं, आणि गणराज खालून फोन करत राहिला.

आत्या, तुला वेगळं सांगायला नको. तान्ह्या बाळाला उचलायचं तर एक हात मानेखाली लागतो आणि एक बुडाखाली. कंपनीत प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची चार बोटं गेली, त्याला आता अडीच वर्षं झाली. अंगठा आणि तळवा घेऊन मी स्टोअरमधलं काम करते, भाकरीसुद्धा थापते, पण बाळ भाकरी नाही. सातवा लागल्यापासून मी हाच विचार करत होते, आणि लिफ्टमध्ये उत्तर समोर उभं राहिलं. मला ती स्लिंग आत्ताच घ्यायची आहे, म्हणजे बाळ येईपर्यंत सवय होईल.

घरात मात्र दोन पक्ष आहेत. गणराजचं म्हणणं, ऑनलाइन मागवली की दोन दिवसांत दारात येते, आत्तापासून घाई कशाला. सासूबाईंनी तर चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, बाळ जगात येस्तवर घरात त्याचा एक धागाबी येणार न्हाई. तू मोठी, तू त्यांना लिही. तुझं त्या ऐकतात.

गुडघ्याची काळजी घे. ऑपरेशन झाल्या झाल्या जिने चढायला जाऊ नकोस. पहिलं बाळंतपण माहेरी होत नाही याचं मनाला लावून घेऊ नकोस. आई गेल्यापासून माझं माहेर तूच, ते नारायणगावात असो की पाकिटात.

माझ्यावरची माया आहे तशीच ठेव.
तुझी
तनुजा

—

नारायणगाव
१६ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. तनुजास,
कुसुमआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर आता चौथीच्या मुलाइतकं झालं आहे. 'ळ' अजून उताणा पडतो, त्याच्याकडे लक्ष दे.

तुझी लिफ्टमधली बाई आवडली. पण तिचं बाळ दोन महिन्यांचं होतं हे तूच लिहिलंस. दोन दिवसांचं बाळ म्हणजे ओल्या कणकेचा गोळा. मान धरलेली नसते, डोकं पुढं कलंडलं तर श्वास कोंडतो. तेव्हा विकत घेण्याआधी डॉक्टरांना विचार की किती वजनाचं बाळ त्यात ठेवता येतं. माझ्यासारख्या शाळामास्तरणीचं यात ऐकू नकोस.

शालनबाईंना मी लिहिणार नाही. त्यांच्या घरात काय कधी यावं हे मी इथून ठरवणं बरं दिसत नाही. पण तुला एक वाट सांगते. तीन किलो बाजरीचं पीठ पिशवीत घाल, एखादं जुनं लुगडं माग आणि ते अंगाशी बांधून घरभर फिर. पीठ काही बाळाचा धागा नव्हे, त्याला कुणाची हरकत असणार नाही. तुझ्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या योगिनी मॅडम आहेत ना, त्यांच्याकडून गाठ नीट शिकून घे.

गुडघा बरा आहे. वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते.

तुझी पत्रं येत राहोत, एवढंच मागणं.
आत्या

—

मोशी
२ डिसेंबर २०२४

श्रीमती कुसुमताई यांस,
शालनबाईचा नमस्कार वि. वि.

मी सातवी शिकल्याली हाय पण पत्र लिवायची सवय ऱ्हायली न्हाई, तवा चुका पदरात घ्या. तनुजा दवाखान्यात गेलीया म्हनून बसले लिवायला.

तुमची भाची माज्या लुगड्यात बाजरीचं पीठ बांधून गच्चीवर फिरती. काल पिठाला अंगाई म्हनत व्हती. मी जिन्यात उभी ऱ्हाऊन हासले आन मग डोळं पुसत खाली आले. पोर हुरळलीया ताई, बघून जीव सुखावतो.

पन माजं न्हाई कशापायी हाय ते तुमाला सांगते, तिला सांगू नका. धागा बिगा ह्ये मी तोंडावर मारायला बोलले. मला भ्या येगळ्याच गोष्टीचं वाटतं. ती उजवा हात लपवती. भाईर निघाली की ओढनीत, घरात असली की पदरात. मागल्या महिन्यात शेजारच्या सुनंनं तिचं लेकरू तनुजाकडं धरलं, तर ही एकदम मागं सरली आन म्हनाली माजं हात ओलं हायेत. हात कोरडं व्हतं. मी सोता बघितलं.

आता ही झोळी आली तर बाळ ऱ्हाईल झोळीत आन हात ऱ्हाईल पदरात. मला वाटतं पयलं तिनं त्या हातानं लेकराला शिवावं. मग खुशाल झोळी आना, एक सोडून दोन आना. मी काय चुकत आसंन तर तसं लिवा. तुमी मास्तरीन हाय, तुमाला जास्त कळतं.

गणराज ओव्हरटाइम करतोय, बाळंतपनात सुट्टी मिळावी म्हनून. बाकी समदं ठीक.

तुमचा जिव्हाळा ऱ्हाऊ द्या.
शालन

—

मोशी
१४ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

३ तारखेला फोनवर तू रडलीस आणि मी हसत होते, म्हणजे बातमी तुला पोचली आहे. पण फोनवर काय सांगता येतं. तुझी नात दोन किलो सहाशे ग्रॅमची आहे. नाक गणराजचं आणि कपाळ तुझं, दोन्ही बाजूंना खोलगट. जांभई देताना सगळा चेहरा तोंडात जातो. गणराज शिफ्ट संपवून येतो, दारातच हात धुतो आणि अर्धा तास नुसता बघत बसतो. काल म्हणाला, आज तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं पंख्याकडे पाहिलं. त्याला ते मान्य नाही.

आता मुद्द्याचं. डॉक्टरांनी सांगितलं, साडेतीन किलो होऊ द्या, मग स्लिंगमध्ये ठेवा, आणि चेहरा कायम दिसला पाहिजे. गाठ मला पाठ आहे. योगिनी मॅडमनी परीक्षा घेतली. हनुवटी छातीला टेकू द्यायची नाही, मान खाली केली की कपाळाचा पापा घेता येईल इतकं बाळ वर हवं. पिठाच्या पिशवीचे मी शंभर पापे घेतले आहेत.

मी गणराजला म्हटलं, मागवून ठेवू, वजन वाढेपर्यंत कपाटात राहील. तर सासूबाई मधे पडल्या. आता बाळ आलं आहे, तरीही त्यांचं नाहीच. म्हणाल्या, मी सांगंन तवा. का, ते सांगत नाहीत. मला राग आला आहे, आत्या. बाळ त्याच माझ्या मांडीवर ठेवतात, त्याच उचलतात. मी दिवसभर बसलेली असते आणि माझी मुलगी माझ्याकडे पाहुण्यासारखी येते.

एक गोष्ट कुणाला बोललेली नाही. अकरा दिवस झाले, मी तिला उजवा हात लावलेला नाही. शिवण आहे तिथली कातडी जाड आहे, तिला खुपेल. आणि तिचं पहिलं वर्ष तरी तो तिच्या नजरेला पडू नये असं वाटतं. स्लिंग आली की मला तो वापरावाच लागणार नाही. म्हणून मला ती हवी आहे, लवकर.

तीळगूळ पोस्टानं पाठवते आहे. गोड बोलायची जबाबदारी तुझी.

तुझा हात डोक्यावर असू दे.
तनुजा

—

नारायणगाव
२० जानेवारी २०२५

चि. सौ. तनुजास,
तुला आणि माझ्या नातीला खूप खूप आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. गोड बोलायला सांगितलंस, पण आज मला खरं बोलायचं आहे, आणि ते माझ्याविषयी आहे.

तू हॉस्पिटलमधून आलीस तेव्हा मी तुझ्यासमोर पाटी ठेवली आणि म्हटलं, आता डावा. लिहिणं डावं, जेवणं डावं, दार उघडणं डावं. तू एकदा पेन्सिल उजव्या अंगठ्यात धरायला गेलीस तर मी ती काढून घेतली. मला वाटलं, मुलगी उभी करायची तर मागचं सोडायला लावलं पाहिजे. तू उभी राहिलीस, त्याचा मला अभिमान आहे. पण त्या हाताचं काय झालं हे मी अडीच वर्षांत एकदाही विचारलं नाही. जो हात मीच वर्गाबाहेर काढला, तो तू पदरात ठेवलास तर दोष तुझा कसा.

शालनबाई तुझ्या वाटेत उभ्या नाहीत. याहून जास्त सांगायला मला बंदी आहे. त्यांना समोर बसवून विचार, आणि हे पत्र त्यांना वाचून दाखवलंस तरी चालेल.

स्लिंग घे, जरूर घे. पण ती हवी आहे ती बाळाला जवळ घ्यायला की हाताला दूर ठेवायला, हे आधी स्वतःशी ठरव. वजन साडेतीन किलो व्हायला अजून तीनचार आठवडे आहेत. तेवढा वेळ पुरेल.

'ळ' या वेळी सरळ उभा होता.

तुझीच
आत्या

—

मोशी
२४ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर पत्र नाही म्हणून रागावली असशील. आता सगळं एकदम सांगते, क्रमानं.

तुझं पत्र मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, मास्तरीनबाईचं काळीज मोठं हाय, आणि भांडी घासायला निघून गेल्या. मला वाटलं संपलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पाय पसरून बाळाला तेल लावत होत्या. मला हाक मारली. बाळाच्या गालावर बारीक लाल रेघ उठली होती. म्हणाल्या, माजी नखं कितीबी काप, लागत्यातच. तू बस हितं. मी म्हटलं, माझ्या डाव्या हाताला तेवढा जोर नाही. तर म्हणाल्या, डावा कुणी मागितला. तुज्या ह्या हाताला अंगठा सोडला तर नखंच न्हाईत, लेकराला वरखडा कसा उठंल, ह्यापरीस चांगला हात ह्या घरात कुनाचा हाय.

आत्या, अडीच वर्षांत त्या हाताला कुणी चांगला म्हटलं नव्हतं. मी पाय पसरून बसले. त्यांनी बाळ माझ्या पायांवर ठेवलं आणि तळव्यावर कोमट तेल ओतलं. मी हात तिच्या पोटावर ठेवला आणि ती किंचाळून रडायला लागली. मी हात काढणार, तेवढ्यात सासूबाईंनी माझं मनगट धरलं. सोडलं नाही. बाळ रडत होतं, मी रडत होते. शिवणीच्या जागी मला काही कळत नाही, पण तळव्याला कळतं. तिचा श्वास तळव्याखाली वर येत होता, खाली जात होता. हळूहळू रडणं थांबलं. सासूबाईंनी मनगट कधी सोडलं ते मला समजलंच नाही. मी छातीपासून पोटापर्यंत, मग पाठ, मग पाय, सगळं तेल जिरवलं. त्या दिवसापासून तेल रोज मीच लावते आणि त्या पाणी घालतात.

मग त्यांनीच सांगितलं, त्या का अडून बसल्या होत्या ते. तुला लिहिलेलं पत्रही सांगितलं. तुम्ही दोघींनी माझ्यामागे कट केलात, त्याबद्दल भेटल्यावर भांडेन.

दीड महिन्याच्या लसीला १४ तारखेला गेलो. काट्यावर तीन किलो सातशे. मी नर्सला पुन्हा बघायला लावलं. दवाखान्याच्या पायरीवरच सासूबाई म्हणाल्या, आता चल, घेऊ तुजी झोळी. लस टोचलेलं बाळ घेऊन कुठं दुकानात जायचं म्हणून आम्ही दोन दिवस थांबलो, आणि रविवारी गणराजसकट चिंचवडला गेलो. दुकानातल्या मुलीनं बाहुली बांधून दाखवली. मग सासूबाईंनी ती बाहुली स्वतःला बांधून घेतली आणि आरशासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की गणराजनं फोटो काढला. मला पिवळी हवी होती, त्यांनी जांभळी घ्यायला लावली, डाग दिसत नाहीत म्हणून. कड्या ओढून कुणाच्याही अंगाला बेतता येते, म्हणून ती आमच्या दोघींची आहे. सध्या पाळ्या लावून वापरतो. त्यांची पाळी जरा लांबते.

आता शेवटची बातमी. १ मार्चला शनिवारी मी नारायणगावला येते आहे. गणराजची फर्स्ट शिफ्ट आहे आणि सासूबाईंना भावकीत लग्न आहे. त्यामुळे चाकणवरून एसटीनं मी एकटीच, म्हणजे आम्ही दोघीच. डॉक्टरांना विचारलं आहे. नको म्हणू नकोस.

भेटीपर्यंत ही ओढ सांभाळून ठेव.
तनुजा

—

नारायणगाव
२ मार्च २०२५

सौ. शालनबाई यांस,
कुसुमचा सप्रेम नमस्कार वि. वि.

काल तुमचे सहा फोन आले. प्रत्येक वेळी मी बाळ झोपलं आहे असं सांगितलं, त्यांपैकी दोन वेळा ते खरं होतं. आज सविस्तर लिहिते.

मला घरी थांबायला सांगितलं होतं, पण मी रिक्षा करून स्टँडवर गेले. गाडी लागली. दारात तनुजा दिसली. बाळ छातीशी, पिशवी उजव्या कोपरात अडकवलेली, डावा हात दांडीवर. कंडक्टरनं पिशवी घेऊ का म्हणून विचारलं, ती नको म्हणाली आणि एकेक पायरी बघत खाली उतरली. ओढणी खांद्यावर होती. हात उघडा होता, आणि स्टँडवरची माणसं त्याकडे बघतही होती. तिला ते ठाऊक नव्हतं, कारण ती बाळाच्या टोपीवरचं ऊन अडवत होती, त्याच हातानं.

घरी आल्यावर तिनं कड्या सैल केल्या. बाळाचं डोकं उजव्या तळव्यावर, अंग डाव्या हातावर, असं तिनं ते माझ्यापुढं धरलं. शालनबाई, चौतीस वर्षं मी मुलं सांभाळली, पण मी दोन्ही हात मागे घेतले. मी म्हटलं, राहू दे, पडेल माझ्याकडून. तर तिनं मला खुर्चीत बसवलं, कोपर कुठं टेकवायचं ते दाखवलं, आणि म्हणाली, आत्या, घाबरायचं नाही, आधी नुसता तळवा ठेव.

मी ठेवला. पोरगी माझ्याकडे बघून जांभई देत होती.

तुमची सून बुधवारी परत येईल. तोवर आम्हाला थोडं सहन करा, आणि पुढच्या वेळी तुम्हीही या. मला गच्चीवरचं सगळं तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

या नव्या नात्यात मलाही धरून ठेवा.
तुमची
कुसुम