लागलं का?

तीर्थरूप आईस नमस्कार. आधी खाली बस, मग वाच. काळजीचं काही नाही.

वृद्धाश्रमातलं काम बरं चाललंय, जेवणही वेळेवर होतं. फक्त कालपासून डोकं फिरलंय.

इथल्या आज्यांशी गप्पा मारायला एक रोबो आणलाय. मोठे डोळे, पोरासारखा आवाज. काल ओल्या फरशीवर तो माझ्या पायात आला आणि आम्ही दोघंही आपटलो. मी ओठ चावून गप्प राहिले. तो मात्र “आई गं!” म्हणाला. मेल्याला तेवढं बरोबर शिकवलंय!

सगळ्या धावल्या त्या डबड्याकडे. कुणी त्याचं डोकं चोळलं, कुणी फुंकर घातली. जिला मी रोज आंघोळ घालते, ती आजी माझ्यावरच खेकसली, “डोळे फुटले का तुझे? बिचारा पडला ना!”

मी उठून फरशी पुसली. अक्षर वाकडं आलंय, कारण मनगट सुजलंय. जरासंच.

आणि खरा संताप कशाचा, सांगू? “तुम्हाला लागलं का?” हे मला विचारलं कुणी, तर त्या डबड्याने!

बाबांचा खोकला कसा आहे? फोनच करणार होते, पण तूही “लागलं का?” विचारशील आणि मग मला रडू आवरणार नाही.

तुझी धडधाकट,
थोरली