दोघांपुरती पिशवी

शनिवार, ११ जानेवारी
पोचलो एकदाचे! बेळ्ळंदूरचा हा फ्लॅट फोटोत होता त्याहून चांगला निघाला. नववा मजला, ऐसपैस गॅलरी. खिडकी लावली की रिंगरोडची घरघर बंद. पुण्याहून निघालेला सामानाचा ट्रक सोमवारी येईल, तोवर माझी ‘पहिल्या रात्रीची’ पिशवी. ती भरताना अद्वैत चिडवत होता, “मुग्धा, संसार मांडायला चाललोय की ट्रेकला?” पण संध्याकाळी त्याच पिशवीतून किटली, चहा-साखर, दोन कप, दोन ताटल्या, पोहे, चादरी, चार्जर आणि त्याची डोकेदुखीची गोळी निघाली, तेव्हा साहेबांनी हात जोडले. सगळं दोघांपुरतं. समोरच्या वासंतीअक्का मराठीच निघाल्या. माहेर याच शहरातल्या चामराजपेटचं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. “स्वल्प काही लागलं तरी बेल मारा,” कानडी हेलात म्हणाल्या. हॉलमध्ये चादर अंथरून लिहितेय. लग्नानंतर पहिल्यांदाच आमचं दोघांचं घर. फार बरं वाटतंय.

रविवार, १२
मस्त झोप लागली. उठले तर अद्वैत चहा पीत बसलेला. छान झालाय, आज साखर बरोबर पडलीय, म्हणाला. मी चहा केलाच नव्हता. थट्टा करतोय असं वाटलं. पण बाथरूममध्ये माझा ब्रशही ओला. प्रवासाचा शीण, अर्धवट झोपेत मीच उठले असेन. दुपारी दोघं मिळून बाजारात जाऊन बादली, झाडू, पडदे घेऊन आलो.

सोमवार, १३
ट्रक हुबळीजवळ बिघडलाय. अद्वैत ऑफिसला. लिफ्टमध्ये अक्का भेटल्या. काल दुपारी गॅलरीत केस वाळवत बसली होती ती तुमची धाकटी बहीण का, असं विचारलं. अगदी तुमच्यासारखी दिसते, म्हणाल्या. मला बहीण नाही. अद्वैतला सांगितलं, तर म्हणाला, शेजारची गॅलरी असेल. आमच्या बाजूला दुसरी गॅलरी नाही.

मंगळवार, संक्रांत
अक्का एळ्ळु-बेल्ल घेऊन आल्या, म्हणजे इकडचा तिळगूळ. मी तेव्हा अंघोळीला गेले होते. बाहेर आले तर दार लावलेलं, ओट्यावर पुडी. तशीच त्यांच्याकडे गेले. त्या हसल्या, “आत्ताच तर कुंकू लावलं की तुम्हाला!” मग माझ्या कोऱ्या कपाळाकडे बघितलं. हसू विझलं. त्यांनी दार लावून घेतलं.
संध्याकाळी अद्वैत पोहे खात होता. समोर दुसरी ताटली, तीही वाढलेली. तो तिकडे बघून ऑफिसच्या गमती सांगत होता. मी दारात उभी. बऱ्याच वेळाने त्याने माझ्याकडे पाहिलं. “तू इथे कशी?” म्हणाला.

बुधवार
इथे राहायचं नाही. रडले, हातापाया पडले. अद्वैत तयार झाला; हॉटेलात जाऊ म्हणाला. पिशवी पुन्हा भरली. मी टॅक्सी थांबवायला आधी खाली उतरले.
तो आला. पिशवी हातात. सोबत ती. माझा निळा कुडता, कपाळावर कुंकू. त्याने तिच्यासाठी टॅक्सीचं दार उघडलं. मी काचेवर हात मारत — गेली टॅक्सी.
फोन लावला. उचलला त्याने. कोण बोलतंय, कोण बोलतंय. मागून माझाच आवाज — राँग नंबर असेल रे, ठेव.

गुरुवार
दुसरीकडे कुठे जाऊ? वॉचमनला हाका मारल्या. त्याने मान वर केली नाही. अक्कांची बेल वाजवली, त्या दार उघडून रिकाम्या जिन्याकडे बघत — मी समोर होते.
ट्रक आला. ते दोघंही परत आले. कपाट इथे, फ्रिज तिथे, ती हमालांना सांगतेय. मी सांगितलं असतं तिथेच सगळं. हमाल सरळ माझ्या अंगावर — मी भिंतीला चिकटून —

शुक्रवार
तो खुशीत आहे. शीळ घालतोय. हेच सहन —
बेल. आई! पुण्याहून, न कळवता. आई ओळखेल. सगळं जग चुकलं तरी आई —
तिने आईला मिठी मारली. आई रडतेय. बारीक झालीस गं, म्हणतेय. तिला.
ओरडले. आई, मी इथे. इथे बघ.
आई वळली. थेट माझ्याकडे बघतेय. थांबली. पदर अंगाभोवती ओढून घेतला. मग जावयाला म्हणाली, घर छान आहे हो अद्वैतराव, एवढ्या या कोपऱ्यात मात्र काहीतरी —