होळीआधी माझ्या एकराचं कोणी बोलू नये

मी, अविनाश धनसिंग आडे, वय चोवीस, शिक्षण सातवी, राहणार चिंचझरी तांडा, तालुका दिग्रस, जिल्हा यवतमाळ, सध्या राजस्थानात विजेच्या टॉवरच्या कामावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. प्यायलेलो नाही. कोणी धमकावलं नाही. टायपिंगवाल्याकडे मुद्दाम गेलो नाही, कारण एखादी ओळ तो आपल्या मनानं घालेल.

नेरचा उकंडा माझ्यासोबत कामाला आहे. तो म्हणाला, "अबे, तुह्यापाशी हाय तरी काय मृत्युपत्र करायले?" एक एकर आहे. मागच्या महिन्यात आमच्यातला एक जण टॉवरवरून पडला. त्याला घरी पोचवायच्या आत त्याचे चुलते कागद घेऊन त्याच्या आईकडे बसले होते. म्हणून लिहितो.

१) तांड्याच्या नाल्याजवळचं एक एकर वावर सातबाऱ्यावर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. ते माझी याडी, म्हणजे आई, जमनाबाई आणि बहीण साधना या दोघींना मिळून द्यावं. याडीच्या एकटीच्या अंगठ्यावर काही चालणार नाही, साधनाची सही पाहिजेच. दाजी चांगले आहेत, पण ते कोणालाच नाही म्हणत नाहीत. त्यांचं नाव घातलेलं नाही.

२) वावराला अट आहे. ती कशासाठी, ते लिहून ठेवतो.

माझा बाप धनसिंग तांड्याचा नायक होता. जिल्ह्याचा विकास आराखडा करायला साहेब लोक तांड्यात आले होते. "तुम्हीच सांगा तुम्हाला काय पाहिजे," असं म्हणाले. तांड्यानं नाल्यावर तलाव मागितला. बापानं सगळ्यांना गूळ दिला. आमच्यात सगाईला गूळ खाल्ला की शब्द पक्का, मग पोरीचा बापसुद्धा फिरत नाही. मोठ्या साहेबानं तर आणखी एक खडा मागून घेतला. मी म्हटलं, लिहून घ्या. बाप माझ्यावरच चिडला. "साहेबानं गूळ खाल्ला नं? आता कागद कायले?"

साहेबाला तो नुसता गूळ वाटला. तलाव खालच्या गावात झाला. आराखड्याच्या पुस्तकात बापाचा गूळ देतानाचा फोटो आला, खाली छापलं होतं, लोकांशी चर्चा करून. बाप तो फोटो पाहुण्यांना दाखवायचा आणि म्हणायचा, साहेब येईल. तसाच गेला.

आता नवा आराखडा आहे. गोदामं आणि मोठा रस्ता. रस्ता गायरानातून आणि माझ्या एकरातून जातो. प्रेमसिंग काकाचा फोन आला.

"अवि, तू तिकडे लटकून राह्यला, इकडे तुह्या वावराचं सोनं होऊन राह्यलं. सभेत ठरलं हाय, तू फक्त हो म्हण."

"सभेत कोण होतं?"

"सारा तांडा होता."

मग याडीला विचारलं. ती म्हणाली, "सारा तांडा ऊसतोडीले गेला, बापा. घरोघरी कुलूप. मी होती, तीन-चार म्हातारे होते, न बकऱ्या होत्या."

सभा दरवेळी कुलपं लागल्यावरच काहून होते, हे मला कोणी सांगावं. काकाला विचारलं तर तो म्हणाला, रेंज नाही.

गोदाम नकोच, असं माझं म्हणणं नाही. तांड्याला पाहिजे असेल तर व्हावं. पण ऊसतोडीवाले होळीला घरी येतात. तेव्हा सारा तांडा लेंगी, म्हणजे आमची होळीची गाणी, म्हणायला एका जागी असतो. माझ्या एकराचा निर्णय होळी ते गुढीपाडवा याच दिवसांत, तांड्याच्या मैदानावर, बायांना पुढे बसवून व्हावा. रस्ता कोणाच्या कामाचा, तलावाचं काय झालं, हे आधी विचारावं. ठरेल ते तिथंच लिहून मोठ्यानं वाचून दाखवावं. मगच दोघींनी हो किंवा नाही म्हणावं.

३) मोटरसायकल साधनाला. चावी काकाकडे आहे, पेट्रोल भरून मागावी.

४) माझा सेफ्टी बेल्ट उकंडाला. त्याचा झिजला आहे, तो सांगत नाही.

५) कंपनीकडून काही मिळालं तर ते याडीच्या खात्यात जावं. काका सोबत येतो म्हणाला तरी साधनानंच जावं.

६) प्रेमसिंग काकाला बापाचा तो फोटो द्यावा. भिंतीवर लावावा, रोज दिसेल असा.

७) माझ्या दिवसाला साहेब लोक भेटायला आले तर पाणी द्यावं, चहा द्यावा. गूळ देऊ नये.

८) मी धडधाकट घरी आलो, आणि पैशाला भुलून होळीआधी एकटाच सही करायला निघालो, तर साधनानं हाच कागद मला वाचून दाखवावा. मी ओरडलो तरी शेवटपर्यंत वाचावा.

खालच्या दोघांना यातून वावर मिळत नाही. उकंडाला बेल्ट मिळतो, म्हणून तो साक्षीदार नाही, त्याला राग आला तरी चालेल. मूळ कागद त्या दोघांतला संघदीप सुट्टीवर जाताना साधनाच्या हातात देईल.

ठिकाण : टॉवर लाईनचा कॅम्प, पोकरणजवळ
तारीख : १८ जानेवारी २०२६

सही : अविनाश धनसिंग आडे

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्याच्यासमोर केली :
१. संघदीप भीमराज भगत, तालुका कळंब
२. नयन रामराव ठाकरे, तालुका नेर