तीनशे बाटल्या आणि एक थ

४ मे

चि. चिमणीस,
अ.उ.आ., आणि हस्ताक्षर सुधारावं म्हणून एक जादा.

तुझं मागचं पत्र तपासून सोबत परत पाठवतो आहे. लाल शाईच्या खुणा सात आहेत, मोजून बघ. ‘थोडं’ला तू अजून ‘तोडं’ लिहितेस. तुझं आणि थ-चं वैर पहिलीपासूनचं, पण आता दुकानदारीण झालीस, तेव्हा मिटवून टाक.

आता कामाचं. नदीपलीकडच्या मोठ्या वाइनरीचा माणूस परवा येऊन गेला. चकचकीत बूट घालून आमच्या तळघरात उतरला आणि पिंपांकडे न बघता सगळा वेळ बुटांकडेच बघत राहिला. त्याचं म्हणणं असं, की द्राक्षं आम्ही पिकवावी आणि त्यांच्याकडे धाडून मोकळं व्हावं. वाइन ते करतील. म्हणजे बाबांचा द्राक्षं पिळायचा लाकडी घाणा कोपऱ्यात जाणार आणि त्यावर कोंबड्या बसणार. तीस जूनपर्यंत हो की नाही ते सांगायचं आहे. मी तिथेच नाही म्हटलं असतं, पण तीन पिंपं भरून पडली आहेत. ती रिकामी झाल्याशिवाय पुढच्या तोडणीचा रस ठेवायचा कुठे? तुझी वहिनी म्हणते, पहिल्या पिंपाच्या तीनशे बाटल्या तुझ्या दुकानात ठेवून बघू. खपल्या तर घाणा फिरेल. नाही तर मी सही करून टाकीन.

वाइनचं नाव मी ठरवलं आहे, स्वस्थ. दिवसभराचं काम उरकलं की बाबा उपड्या खोक्यावर पेला घेऊन बसायचे आणि आपण दंगा केला तर म्हणायचे, की जरा स्वस्थ बसू द्या. तेच नाव.

लेबलं तुझ्या गल्लीतल्या छापखान्यातून करून घे. नाव वेगळ्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं आहे. तेच हुबेहूब छापायचं, काना-मात्रेला हात लावायचा नाही. ती चिठ्ठी लिहीत असताना तुझ्या वहिनीने पाठीशी उभं राहून एकच धोशा लावला होता, की स्वस्त ठेवा, स्वस्त ठेवा. घरचीच माणसं राबतात, बुचं ती स्वतः ठोकते, जाहिरात नाही, मधला दलाल नाही, मग भाव कशाला चढवायचा? भावापुरतं तिचं ऐकलं आहे. पण स्वस्त म्हणून गवगवा नको. मालाची पत राहिली पाहिजे.

कळावे, आणि कळलं की तसंच करावे.
तुझा दादा

११ मे

ती. दादास,
शि.सा.न.वि.वि. तुझी सात लाल फुलं पोचली. तोडं वाईट वाटलं.

बाटल्याही पोचल्या, सगळ्या शाबूत. लेबलं मी स्वतः बसून चिकटवली. दोन दिवस बोटांची खळ निघत नव्हती, एका गिऱ्हाइकाला पिशवी देताना मीही तिच्याबरोबर थोडी गेले.

छापखानेवाल्या काकांनी तुझी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि विचारलं की नक्की हेच का. मी सांगितलं, भावाची आज्ञा आहे, काना-मात्रेला हात लावायचा नाही. त्यावर ते म्हणाले, की असा भाऊ असल्यावर शत्रूंची गरज काय. मी छपाईचे पैसे मोजून दिले. मोठ्यांच्या अक्षराला नावं ठेवायची आपल्या घराची रीत नाही.

वरच्या फळीवर किल्ले, राजवाडे आणि सोनेरी सिंह छापलेल्या बाटल्या आहेत. त्या घेणाऱ्याला सिंहाच्या खुराकाचेही पैसे पडतात. त्यांच्या शेजारी आपली साधी बाटली ठेवली आहे. एक नमुना परतीच्या ट्रकने पाठवते. लेबल वाचण्याआधी खाली बस.

वहिनीस नमस्कार. लोभ आहे तेवढा टिकव, पुढच्या आठवड्यात लागेल.
तुझी चिमणी

१५ मे

चिमणीस,
आशीर्वाद या खेपेला राखून ठेवला आहे.

बाटली आली. लेबलवर टपोऱ्या अक्षरांत ‘स्वस्त’ छापलेलं आहे. ट्रकवाल्याने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि अरे वा म्हणाला.

बाबा उपड्या खोक्यावर स्वस्त बसायचे का? एक अक्षर, चिमणे. एवढी मोठी चिठ्ठी लिहून दिली, तरी तू छापखान्यात जाऊन आपल्या जन्माच्या थ-ला दगा दिलास. बाबांचा शब्द होता तो. आता लोक म्हणतील, की याच्या घाण्यातून निघणारा मालच तसला.

सगळी लेबलं गरम पाण्यात भिजवून काढ. ते जमत नसेल तर कळव. मी तीस तारखेची वाट न बघता बुटवाल्याच्या कागदावर सही करतो. कोंबड्यांना तरी शुद्धलेखनाशी देणंघेणं नसतं.

पत्रोत्तर नको, लेबलं काढल्याची बातमी हवी.
दादा

१८ मे

प्रिय चिमणी,
गोड आशीर्वाद. हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे, म्हणजे तपासलं जाण्याची भीती नाही. हवं तसं लिहिते.

हे घुश्शात आहेत. तुझी बाटली लेबल भिंतीकडे करून ठेवली आहे, पण जेवताना तिच्यातूनच ओतून घेतात. दोन घोट घेतले की म्हणतात, आहे मात्र चांगली. काल बुटवाल्याला होकाराचं पत्र लिहायला बसले. अर्धी ओळ झाली आणि उठून घाण्याच्या मळसूत्राला वंगण घालायला गेले. ज्या गाईला विकायचं तिला कोणी घुंगरू बांधत नाही, हे मला कळतं. त्यांना कळायला वेळ लागेल.

आता खास तुझ्यासाठी. ती चिठ्ठी लिहिली तेव्हा मी ह्यांच्या पाठीशीच उभी होते आणि माझी दृष्टी अजून अधू झालेली नाही. तेव्हा बोलले नाही, कारण वाचून मलाच आवडली. चिठ्ठी तू टाकली नसशीलच. पण आत्ता बाहेर काढू नकोस. आत्ता काढलीस तर शरमेपायी सही करून बसतील. आधी बाटल्या विक. चिठ्ठी काही विटत नाही, मुरली तर बरंच.

तुझ्या पोटात राहील या भरवशावर,
वहिनी

९ जून

ती. दादास,
शि.सा.न.वि.वि. तू पत्रोत्तर नको म्हणालास म्हणून तीन आठवडे आज्ञा पाळली.

लेबलं काढायला घमेलंभर पाणी तापवलं होतं, खोटं नाही सांगत. तेवढ्यात शेजारचा शिंपी आला, लेबल वाचून इतका हसला की त्याला बसायला स्टूल द्यावं लागलं, आणि घरी बायकोला दाखवायला म्हणून एक बाटली घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला तो हसत नव्हता. तीन बाटल्या मागितल्या आणि विचारलं, की हे इतकं चांगलं करणारे लोक भाव चुकून कमी लावून बसलेत का. तसं असेल तर त्यांना कोणी सांगू नये, असंही म्हणाला.

मग दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचं मत असं, की जो स्वतःच्या बाटलीवर आपणहून स्वस्त लिहितो तो आत पाणी घालणार नाही. त्यांनी डझनभर नेल्या. कोपऱ्यावरच्या खानावळवालीने चव घेतली, काळ्या मनुकांचा वास येतो आणि घशात खरखर नाही म्हणाली, आणि दर आठवड्याला लागेल म्हणून सांगून गेली. सोनेरी सिंहाच्या गिऱ्हाइकानेही परवा इकडे-तिकडे बघून दोन बाटल्या कोटाखाली घातल्या.

घमेल्यातलं पाणी निवलं. भिजवायला आता नऊच बाटल्या उरल्या आहेत, त्याही शिंप्याने राखून ठेवायला सांगितल्या आहेत. काय करू ते कळव, आणि दुसरं पिंप कधी पाठवतोस तेही.

राग ओसरला असेल तर लोभ, नसेल तर नुसताच नमस्कार.
चिमणी

१६ जून

चि. चिमणीस,
अ.उ.आ., राखून ठेवलेल्यासह.

बुटवाला काल आला होता. त्याला नाही म्हणून सांगितलं. का म्हणून विचारलं, तर म्हटलं, आमची पिंपं रिकामी होऊ लागली आहेत. तळघरातून वर जाताना त्याच्या बुटाला घाण्याचं वंगण लागलं. मी मुद्दाम केलं नाही, पण पुसायलाही गेलो नाही.

म्हणून चूक ही चूक नव्हती असं मात्र होत नाही. दुसऱ्या पिंपावर शुद्ध ‘स्वस्थ’ छापलं जाईल. आणि हा घोटाळा कोणाच्या हातून झाला त्याची लेखी, सहीची कबुली मला आधी हवी. ती आल्याशिवाय पिंप हलणार नाही. कबुली दिल्याने माणूस लहान होत नाही, हे बाबांनी आपल्याला शिकवलं आहे.

तुझी वहिनी हे वाचून उगाच हसते आहे. वाट बघतो.
तुझा दादा

२० जून

ती. दादास,
शि.सा.न.वि.वि. तुझं म्हणणं सर्वस्वी पटलं. कबुली सोबत जोडली आहे. चार मेच्या पत्रासोबत आलेली, माझ्या गल्ल्याच्या खणात जपून ठेवली होती. मोठ्या अक्षरात आहे, हुबेहूब आहे, आणि खाली सहीसुद्धा आहे, तुझी. मी फक्त शेवटच्या अक्षराभोवती एक लाल गोल काढला आहे.

वहिनीला म्हणावं, छान मुरली.
चिमणी

२५ जून

चि. चिमणीस,
अ.उ.आ.

दुसरं पिंप आजच्या ट्रकने निघालं. लेबल आहे तेच राहू दे.

तुझं पत्र या खेपेला तपासलेलं नाही. लाल शाई संपली आहे.
दादा