शेजारच्या खुर्चीचं तिकीट

आई, परवा मी नाटकाची दोन तिकिटं काढली. आता फोनवरच काढतात, रांग नाही की खिडकी नाही. मला मात्र आपल्या टॉकीजची लेडीज खिडकी आठवली, जेमतेम हात जाईल एवढी, आणि आत पदराने घाम टिपणारी तू. बाईमागे चार तिकिटं, आणि ती दिली की मनगटावर जांभळा शिक्का. ब्लॅकवाले त्याच बायकांना पुन्हापुन्हा रांगेत पाठवायचे, म्हणून हा उपाय. "हात दाखव वं," तू म्हणायचीस, आणि शिक्का दिसला की, "आताच तं आली होती ना? पुन्हा काहून?" त्या शाईने तुझी बोटं घरी पोळ्या लाटतानाही जांभळी दिसायची. एकदा एक ब्लॅकवाला खिडकीशी येऊन गोडीत म्हणाला, "बाई, पब्लिक खुशीनं पैसे देऊन राहिली. तुमचं काय जाते?" तू गल्ल्यातून मान वर न करता म्हणालीस, "माह्यं काही नाही जात गा. पण गांधीबागेतलं काम आटपून जे बाई पायदळ आली, तिले मी काय सांगू?"

आजचा ब्लॅकवाला दिसतच नाही. विक्री सुरू होते न होते तोच तिकिटं संपतात आणि थोड्या वेळाने तीच दुसरीकडे चौपट भावाने निघतात. मनगट कोणाचं बघणार? अशा फेरविक्रीवर कायदा हवा, म्हणून सध्या बरीच चर्चा आहे. ऑफिसातला एक जण मला म्हणाला, "ज्याले परवडते तो घेईन ना ताई, मार्केट आहे." मी त्याला तुझंच उत्तर ऐकवलं. त्याला काही ते पटलं नाही, आणि मला दिवसभर तुझी इतकी आठवण आली की डबा तसाच घरी आणला. या नाटकवाल्यांनी आपल्यापुरता नियम केला आहे. तिकिटावर नाव, दारात ओळखपत्र, विकायचं नाही आणि दुसऱ्याला द्यायचंही नाही. जमत नसेल तर आज संध्याकाळपर्यंत त्यांनाच परत करायचं, ते त्याच किमतीत पुढच्याला देतात. तुला हे फार आवडलं असतं.

जगाला तिकिटं दिलीस, पण तुला एकही सिनेमा पहिल्यापासून बघायला मिळाला नाही. खिडकी बंद करून हिशेब देईपर्यंत मध्यंतर होऊन जायचं. सुटीच्या दिवशी मी आत शेवटच्या रांगेत बसलेली असायचे. तू अंधारात चाचपडत येतेस, शेजारी टेकतेस, पावडरीचा आणि शाईचा वास येतो, आणि कानाशी म्हणतेस, "सांग वं, आतापावतर काय काय झालं?" मी कुजबुजत सांगते, आणि जे कळलेलं नसतं ते मनानेच जोडून देते. एकदा पुढे बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या, ब्लॅकवाल्यांची न खपलेली तिकिटं. तू सिनेमा सोडून त्याच बघत राहिलीस. "बाहेर हाउसफुलचा बोर्ड अन् आत खुर्ची खाली? कोणाच्या तरी तोंडचा घास गेला म्हणायचं," म्हणालीस. मी काहीच केलेलं नव्हतं, तरी घरी येईस्तोवर बोलणी मीच खाल्ली.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून खरं ते लिहिते. फोनने दुसऱ्या तिकिटासाठी नाव विचारलं, तेव्हा मी तुझं घातलं. चुकून नाही, नीट विचार करून घातलं. निदान एकदा तरी तुला पडदा उघडण्यापासून शेजारी बसवायचं होतं. आता संध्याकाळ होत आली आहे आणि मी धरमपेठेतल्या घरी फोन समोर ठेवून बसले आहे. परत केलं तर उद्या कुणीतरी बाई रास्त पैशात नाटक बघेल. तू हेच करायला लावलं असतंस, आणि त्या खाली खुर्चीवरून मला घरी येईस्तोवर बोलली असतीस. तसं मला बोलणारं आता कुणी राहिलं नाही. मी तिकीट परत करत नाहीये, आई. बोल तू.