रिकामी फांदी

९ ऑक्टोबर, गुरुवार

पोहोचलो एकदाचे! अभयारण्याच्या फाटकापाशी दरवर्षीचीच खोली, दरवर्षीचीच कुरकुरणारी खाट. हे बुटांच्या नाड्या बांधून लगेच तयार. माझं मात्र कशातच लक्ष नाही. गेला महिनाभर मनात एकच भुंगा – ह्यांचे डोळे अधू होतायत आणि हे मला सांगत नाहीत.

पुरावे? हवे तेवढे. स्वयंपाकघरात मोठ्ठा दिवा लावला. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरे पट्टे रंगवले. रस्त्याने चालताना माझा दंड धरतात – लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातही कधी धरला नव्हता! घड्याळजीचे डोळे गेले तर मागे उरलं काय? त्या इवल्याशा चाकांवर ह्यांचा सगळा जीव. विचारायला जावं तर, ‘मला काय धाड भरलीय?’

ही वही बदलायला हवी. रेघा किती फिकट छापल्यात.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी टेकडीवरची वाट. धुकं. ह्यांच्या हातातून माझा दंड सुटेना. फाट्यावरची पाटी ह्यांनी मोठ्याने वाचली, अगदी सावकाश, एकेक शब्द. लावून लावून वाचत असणार!

पुढे वनरक्षकाने हरणांचा कळप दाखवला. हे ‘वा, वा!’ करतायत. मी कळपाकडे पाहिलंच नाही, ह्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. पाहत पाहतच झाडाच्या मुळाला अडखळले. ‘अगं, जपून!’ म्हणाले – मी अडखळल्यावर!

दुपारी खोलीत बसवेना, म्हणून ह्यांच्या शर्टाला बटण लावायला घेतलं. सुईत दोरा जाईना. हल्ली नेढीसुद्धा बारीक करून ठेवलीत मेल्यांनी. परवा ती गिऱ्हाईक बाई फ्रॉक परत घेऊन आली – काळ्या कापडावर निळी शिलाई मारलीत म्हणे. लोकांना काहीही दिसतं! हे तेव्हा मध्ये काहीतरी बोलणार होते. मी असं पाहिलं, की गुपचूप चहा प्यायला लागले.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज सोक्षमोक्ष लावला.

तळ्याकाठी प्राणी-पक्षी बघायची झोपडी आहे. आत बोलायचं नाही. आमची जुनी रीत – ज्याला आधी दिसेल त्याने दुसऱ्याचा हात दाबायचा, बोट दाखवायचं. दुसऱ्याने कानात सांगायचं, काय चाललंय ते. थापा चालत नाहीत. इतक्या वर्षांत कुणी मारलेली नाही.

आज मी मारली. तिथे ढिम्म बसणं म्हणजे मला शिक्षाच. हे पाणमांजराच्या आशेने दगडासारखे बसलेले, माझी नुसती चुळबुळ. पाण्यावर एक वाळकी फांदी झुकली होती. रिकामी. चक्क रिकामी! ह्यांचा हात दाबला आणि तिकडे बोट केलं.

हे वाकले. थोडं थांबले. मग कानात म्हणाले, ‘खंड्या! मासा आपटतोय फांदीवर... गिळला बघ! शाब्बास गं, काय नजर आहे तुझी!’

खंड्या! माशासकट! माझ्यासमोर कमीपणा नको म्हणून माणूस काय काय उभं करतो. मी कसंनुसं हसले. ‘आलेच’ म्हणून खुणावलं आणि झोपडीमागे जाऊन रडून घेतलं. आत आले तर ह्यांनी पुन्हा हात हातात घेतला. एवढे खूश कितीतरी दिवसांत पाहिले नव्हते. ते खूश होते म्हणून मला जास्तच वाईट वाटलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

घरी आलो. वाटेत बोलले एकदाची. म्हटलं, ‘उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. एक शब्द ऐकून घेणार नाही!’ वाटलं, आता जुंपणार. तर म्हणाले, ‘चल की. दोघांचेही तपासून घेऊ.’ वर केवढा मोठा सुस्कारा!

बिचारे. किती दिवस मनात दाबून बसले असतील. दुकान बंद पडलं तर पडलं. माझं शिवणयंत्र आहे. पुढच्या वर्षीही जायचं जंगलात. मी बघेन आणि ह्यांना सांगत जाईन.

१३ ऑक्टोबर, सोमवार

ह्यांचे डोळे ठणठणीत. मोतीबिंदू माझा. दोन्ही डोळ्यांत, चांगला वाढलेला. दिवा, पट्टे, दंड – सगळं माझ्यासाठी होतं. ‘मग बोलला का नाहीत?’ म्हटलं. ‘निळ्या शिलाईबद्दल बोलणार होतो. कसं बघितलंस आठवतंय?’

फांदीवर खंड्या होता. मासासुद्धा.

‘तू बोट दाखवलंस ना,’ हे म्हणाले, ‘तेव्हा वाटलं, अजून दिसतंय हिला. इतका आनंद झाला होता गं मला.’